रिदम बंद करून बघा

दुकानात कीबोर्ड बघायला गेलात की विक्रेता पहिलं बटण दाबतो ते रिदमचं. ढोलकी सुरू होते, बेस येतो, मागे व्हायोलिनं उठतात. तो डाव्या हाताचं एक बोट टेकवतो आणि अख्खा वाद्यवृंद त्या बोटामागून फिरू लागतो. मग आकडे येतात: सहाशे टोन, दोनशे रिदम, शंभर गाणी आत भरलेली. ऐकणारा खूश होऊन खोकं उचलतो. महिन्याभराने त्याच्या लक्षात येतं, की आपण काहीही वाजवलं तरी ते दुकानातल्या डेमोसारखंच वाजतंय.

तयार गाणी वाजवायची असतील तर यात काहीच बिघडलेलं नाही. या प्रकाराला अरेंजर कीबोर्ड म्हणतात आणि गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, हळदीचा कार्यक्रम, शाळेचं गॅदरिंग त्याच्या जिवावर चालतं. यामाहाने तर पीएसआर-आय५०० सारखं मॉडेल खास भारतासाठी काढलं, त्यात रियाजाला तबला-तानपुऱ्याची साथ आहे. एका माणसाला एकट्याने दोन तास कार्यक्रम रेटायचा असेल तर याहून सोयीचं वाद्य नाही. पण तुम्हाला स्वतःचं काही करायचं असेल, एखादी धून, एखादा न ऐकलेला आवाज, लघुपटासाठी पार्श्वसंगीत, तर दुकानात पहिली विनंती करा ती रिदम बंद करण्याची. एक टोन लावा, एक पट्टी दाबून धरा आणि विचारा: हा आवाज मला बदलता येतो का? कुठून, आणि किती?

कीबोर्ड निवडताना माझ्या मते हाच प्रश्न महत्त्वाचा. बाकीचे त्याच्या मागून येतात. पण त्याचं उत्तर पारखायचं तर आवाज घडतो कसा हे आधी कळायला हवं, म्हणून थोडं आत शिरू.

सिंथेसायझरमध्ये सगळ्यात आधी असतो ऑसिलेटर. तो एक अखंड, कोरडा, काहीसा कर्कश आवाज काढतो. समजा तुम्ही पांढरी सहा दाबली. तिचा मूळ स्वर ४४० हर्ट्झ. ऑसिलेटरवर सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी लहर निवडली असेल, तर ४४० बरोबर ८८०, १३२०, १७६० असे सगळे पटीतले स्वरही निघतात, वर जाताना क्रमाने क्षीण होत. स्क्वेअर लहर निवडली तर फक्त विषम पटी उरतात, ४४०, १३२०, २२००, आणि आवाज एकदम पोकळ, क्लॅरिनेटकडे झुकणारा होतो. आता दुसरा ऑसिलेटर लावून त्याला ४४२ वर सरकवा. दोघांत दोन हर्ट्झचं अंतर, म्हणून सेकंदाला दोन वेळा आवाज हलकेच फुगतो आणि बसतो. तो अचानक रुंद, भरलेला वाटू लागतो. डबल रीडच्या पेटीत दोन सूर अगदी किंचित वेगळे लावलेले असले की जो भरणा येतो, तो याच कारणाने.

पुढे फिल्टर. बहुतेक सिंथमध्ये तो लो-पास असतो: ठरावीक सीमेखालचे स्वर जाऊ द्यायचे, वरचे कापायचे. ती सीमा म्हणजे कटऑफ. कटऑफचा नॉब खाली आणला की आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा दबतो, वर नेला की उजळतो. शेजारी रेझोनन्सचा नॉब असतो. तो सीमेजवळचे स्वर फुगवतो आणि आवाजाला नाकातला, बोलका रंग देतो. हे दोन नॉब दोन हातांनी एकाच वेळी फिरवून बघितले नसतील, तर सिंथेसायझर काय असतो हे अजून कळलेलं नाही असं मी खुशाल म्हणेन.

मग एन्व्हलप. पट्टी दाबल्यापासून सोडेपर्यंत आणि सोडल्यानंतर आवाजाचं काय व्हायचं, ते इथे ठरतं. चार नॉब असतात: अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. यातले तीन वेळ सांगतात आणि सस्टेन पातळी सांगतो. नवशिक्यांचा गोंधळ नेमका इथेच होतो. संतूरचा अटॅक जवळजवळ शून्य, डिके आणि रिलीज लांब, सस्टेन शून्य: आघात होतो आणि स्वर विरत जातो, तुम्ही धरून ठेवा किंवा सोडा. बासरीचा अटॅक सावकाश आणि श्वास पुरेपर्यंत सस्टेन पूर्ण. पेटीवाल्याच्या डाव्या हातात भाता असतो, म्हणजे त्याचा एन्व्हलप त्याच्याच हातात, क्षणाक्षणाला बदलणारा. सिंथवर तो आधी ठरवून ठेवावा लागतो. म्हणूनच पेटीवरून आलेल्या माणसाला सिंथ पहिल्यांदा निर्जीव वाटतो आणि दोष वाद्याला जातो. खरं तर अटॅक आणि रिलीज कोणी हलवलेलेच नसतात.

हाच एन्व्हलप फिल्टरलाही जोडता येतो आणि खरी गंमत तिथे आहे. प्रत्येक स्वराबरोबर कटऑफ झटकन उघडतो आणि मिटतो, त्यातून तो ‘वाँव’ असा टोकदार बेस निघतो. करून बघायचं असेल तर सॉटूथ घ्या, दोन सप्तकं खाली या, कटऑफ बराच खाली, रेझोनन्स अर्ध्यावर, फिल्टरच्या एन्व्हलपचा डिके छोटा, सस्टेन शून्य. दहा मिनिटांत जमतं. शेवटी राहिला एलएफओ, म्हणजे कानाला स्वर म्हणून ऐकू न येणारी संथ लहर. ती स्वराला जोडून सेकंदाला पाच-सहा वेळा हलवली की कंप येतो. कटऑफला जोडून दहा सेकंदांत एकदा फिरवली की लांबलेला आवाज आपोआप उजळत-मावळत राहतो.

या एवढ्या सामग्रीवर काय होतं याचा एक मुंबईचाच दाखला आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. वाद्यं तीन, तिन्ही रोलँडची: जुपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. भैरवी, ललत, भूप, तोडी असे दहा राग त्या यंत्रांवर. तबकडी तेव्हा फारशी चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चक्रावले, कारण शिकागोत ज्याला अ‍ॅसिड हाउस म्हणतात तो आवाज १९८७ च्या सुमाराचा, आणि इथे तो त्याच्या पाच वर्षं आधी ऐकू येत होता. मला त्यात जास्त रस वाटतो तो वेगळ्या गोष्टीत. टीबी-३०३ मध्ये एकच ऑसिलेटर, सॉटूथ नाहीतर स्क्वेअर, एक फिल्टर आणि हाताशी मोजके नॉब. आणि स्लाइड: एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय. बेस गिटारची जागा घ्यायला बनवलेल्या त्या यंत्रातली ती घसरण मींडेच्या किती जवळची आहे, हे ओळखायला राग कानात असलेला माणूस लागला. सहाशे टोनांची गरज पडली नाही.

ते सहाशे टोन म्हणजे नेमकं काय? बहुतांशी खऱ्या वाद्यांचे आधी रेकॉर्ड केलेले तुकडे. पियानो हवा असेल तर तेच बरं. करवतीच्या लहरीतून पियानो काढत बसण्यात अर्थ नाही. यातले पहिले १२८ तर बहुतेक कीबोर्डांवर त्याच क्रमाने येतात, कारण १९९१ च्या जनरल मिडी मानकात ती यादी ठरून गेली. १०५ वर सतार, ११२ वर सनई. वाजवून बघा, सनईवाला ऐकेल तर हसेल किंवा चिडेल. तेव्हा टोनांचा आकडा ऐकून भुलू नका. त्यातला एखादा टोन निवडून त्याचा कटऑफ, अटॅक, रिलीज बदलता येतो का आणि बदललेला आवाज जपून ठेवता येतो का, ते विचारा. काही अरेंजर कीबोर्डांवर ही सोय थोडीफार असते. यामाहा पीएसआर-ई४७३ आणि कॅसिओ सीटी-एस५०० वर त्यासाठी हाताशी नॉबच दिलेले आहेत. स्वस्त मॉडेलांत एक तर हे मेनूत चार पायऱ्या आत दडलेलं असतं किंवा नसतंच.

आता पट्ट्यांकडे येऊ, कारण पैसे जिथे घालावेत अशी ही जागा आहे. पहिली अट: टच हवा. हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर जोरात. स्वस्तातल्या कीबोर्डांत नेमकं हेच गाळलेलं असतं आणि खोक्यावर ते मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं. कॅसिओ सीटी-एस२०० ला टच नाही. त्याच मालिकेतल्या सीटी-एस३०० ला टच आहे आणि पिच बेंडचं चाकही आहे. यामाहा पीएसआर-ई२७३ ला टच नाही आणि कॉम्प्युटरला जोडायचा यूएसबीही नाही; ई३७३ ला दोन्ही आहे, पण पिच बेंड नाही. दुकानात ही मॉडेलं शेजारीशेजारी ठेवलेली असतात आणि किमतीतला फरक पाहून लोक स्वस्तातलं उचलतात. तसं करू नये.

टच मोजला कसा जातो हे कळलं की जुना कीबोर्ड तपासणंही सोपं होतं. प्रत्येक पट्टीखाली रबराच्या पट्टीत दोन संपर्कबिंदू असतात. पट्टी खाली जाताना आधी एक टेकतो, मग दुसरा. मधला वेळ जितका कमी तितका आघात जोराचा, असं यंत्र धरतं आणि त्याला १ ते १२७ मधला आकडा देतं. बोटाचा दाब कोणी मोजत नाही, वेग मोजतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, या बिंदूंवर धूळ आणि ओल बसली की एखादी पट्टी कायम ओरडते, एखादी मुकी होते. सेकंडहँड घेताना म्हणून एक-एक पट्टी अगदी हळू, मग मध्यम, मग जोरात, अशी डावीकडून उजवीकडे सगळी वाजवून घ्या. विकणारा कंटाळला तरी चालेल. दोन-चार पट्ट्या बिघडल्या असतील तर घाबरायचं कारण नाही, बऱ्याचदा उघडून बिंदू पुसले की काम होतं. पण तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा.

पट्ट्या किती? ६१ म्हणजे पाच सप्तकं. दोन्ही हातांनी वाजवणाऱ्याला तेवढी पुरतात. पेटीवाल्याची सवय तीन-साडेतीन सप्तकांची असते, त्याला ४९ मध्येही अडत नाही. २५ बारक्या पट्ट्यांचे कीबोर्ड सॅकमध्ये मावतात, पण मोठ्या बोटांना त्यावर जलद तान घेणं जिकिरीचं. पिच बेंडचं चाक मात्र सोडू नका, निदान मराठी-हिंदी कान असणाऱ्याने तरी. मींड, कणस्वर, आंदोलन यांतलं जे काही कीबोर्डावर येऊ शकतं ते त्या चाकातूनच येतं. ते सहसा दोन अर्धस्वर वर-खाली सरकतं. सेटिंगमध्ये जाऊन हे अंतर बदलता येतं का तेही बघा.

पॉलिफोनी म्हणजे एकाच वेळी किती स्वर वाजू शकतात. ४८ किंवा ६४ ऐकून वाटतं, बोटं तर दहाच. पण एका टोनवर दुसरा चढवला की प्रत्येक पट्टी दोन स्वर खाते, सस्टेन पेडल दाबलं की सोडलेले स्वरही मोजले जातात आणि रिदम लावला की तो आपला वाटा आधीच घेऊन बसतो. उलट बेस किंवा मुख्य धून वाजवायला एकसुरी, म्हणजे एका वेळी एकच स्वर काढणारा सिंथ पुरतो, नव्हे, घसरण त्यावरच जास्त देखणी येते.

एवढं सगळं एकाच यंत्रात, पंधरा-वीस हजारांत? नवं घ्यायला गेलात तर बहुधा नाही. वाट आहे ती पट्ट्या आणि आवाज वेगवेगळे घेण्याची. हे शक्य झालं १९८३ मध्ये. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने मिडी आलं आणि त्या वर्षी जानेवारीत दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ एका वायरीने जोडून दाखवण्यात आले. मिडीमधून आवाज जात नाही. कोणती पट्टी, किती वेगाने, कधी सोडली, चाक कुठवर फिरवलं, एवढेच आकडे जातात. त्यांचा आवाज करायचा तो पलीकडच्या यंत्राने. पलीकडचं यंत्र घरातला लॅपटॉपही असू शकतो.

आणि लॅपटॉपवरचे सिंथ आज फुकट मिळतात, तेही उत्तम. सर्ज एक्सटी हा पूर्ण मोफत, मुक्त स्रोताचा. व्हायटलची मोफत आवृत्ती आहे. त्याच्या पडद्यावर लहर आणि फिल्टर हलताना दिसतात, म्हणून शिकायला मी आधी तोच सुचवेन. डेक्स्ड हा यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स७ ची नक्कल आहे. ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांतली ती काचेसारखी घंटी हवी असेल तर त्यात सापडेल. रेकॉर्ड करायला अ‍ॅपलच्या यंत्रांवर गॅरेजबँड फुकट येतं, इतरांना एलएमएमएस किंवा बँडलॅब आहे.

यात एक अडचण हमखास येते. पट्टी दाबल्यावर आवाज मागून येतो. कॉम्प्युटर आवाज थोडाथोडा साठवून पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील आणि साठा १०२४ नमुन्यांचा असेल, तर नुसत्या त्या साठ्यापायी २३ मिलिसेकंद जातात आणि बोट अडखळतं. साठा २५६ वर आणला की हे सहाच्या आत येतं आणि कान तक्रार करत नाही. विंडोजवर त्यासाठी अ‍ॅसिओ प्रकारचा ड्रायव्हर लागतो, मॅकवर वेगळं काही करावं लागत नाही. ब्लूटूथ हेडफोन मात्र वाजवताना वापरूच नका, त्यातला उशीर कोणत्याही सेटिंगने पुरेसा जात नाही.

नुसत्या पट्ट्याच घ्यायच्या तर त्याला मिडी कंट्रोलर म्हणतात. अकाईचा एमपीके मिनी किंवा एम-ऑडिओचा कीस्टेशन ४९ ही ओळखीची नावं. पहिला छोटा, नॉब आणि पॅड असलेला. दुसऱ्यावर पूर्ण आकाराच्या पट्ट्या आणि पिच बेंडचं चाक. त्यांना स्वतःचा आवाज अजिबात नसतो, हे घरच्यांनाही आधी सांगून ठेवलेलं बरं. वीज गेली, लॅपटॉप बंद पडला की ती लाकडी फळी. म्हणून बहुतेकांना माझा सल्ला टच, पिच बेंड आणि यूएसबी असलेल्या साध्या कीबोर्डाचा असतो, सीटी-एस३०० च्या जातीतला. भजनाला नेता येतो, आईला पेटीसारखा वाजवता येतो आणि रात्री हेडफोन लावून व्हायटलला जोडला की तोच सिंथ होतो.

स्क्रीनचा कंटाळा असेल तर छोटा खरा सिंथ घ्यावा. कॉर्गची व्होल्का मालिका २०१३ पासून आहे. त्यातला व्होल्का कीज अ‍ॅनालॉग, तीन स्वरांचा, बॅटरीवर चालणारा. त्यावर पट्ट्या म्हणजे नुसती स्पर्शाची फीत, पण नॉब भरपूर आणि प्रत्येक नॉब एकच काम करणारा. इथे एक वायरीचा घोळ लक्षात ठेवा. त्याला मिडी जातं ते जुन्या गोल पाच पिनांच्या वायरीने. स्वस्त कीबोर्डांना ते भोक नसतं, फक्त यूएसबी असतो, आणि तो कॉम्प्युटरशीच बोलतो. दोघांना थेट जोडता येत नाही. मध्ये कॉम्प्युटर किंवा यूएसबी होस्टचा वेगळा डबा लागतो.

रागसंगीताकडे ओढा असेल तर आणखी एक सोय बघण्यासारखी आहे. कीबोर्डाची बारा घरं समान अंतराची असतात, प्रत्येकी १०० सेंट. तानपुऱ्याच्या तारेतून आपसूक ऐकू येणारा गांधार षड्जापासून ३८६ सेंटवर. कीबोर्डाचा ४०० वर. हे १४ सेंट तानपुरा लावून वाजवलं की लगेच टोचतात. कॉर्गच्या मोनोलॉगवर प्रत्येक स्वर असा सेंटांनी सरकवून स्वतःची सप्तकं जपता येतात. तो एकसुरी, २५ पट्ट्यांचा आणि नवा घेतला तर आपल्या बजेटबाहेरचा. पण सेकंडहँड सापडला तर विचार करा. सर्ज एक्सटी आणि व्हायटल हेच काम स्काला नावाच्या फाइलीतून फुकट करतात. फक्त ट्रान्सपोजच्या बटणाने पट्टी बदलली की सरकवलेला गांधार भलत्याच घरात जातो, तेव्हा षड्ज कुठला ते आधी ठरवून मग फाइल लावायची.

खरेदीच्या दिवशी घरचे वायरचे हेडफोन सोबत न्या, कारण दुकानातले स्पीकर सगळंच गोड करून ऐकवतात. जॅक दोन आकारांचे असतात, ३.५ आणि ६.३५ मिलिमीटरचे, तेव्हा दहा-वीस रुपयांचा कनेक्टरही खिशात असू द्या. सस्टेन पेडलला जागा आहे का बघा. सेकंडहँड असेल तर अ‍ॅडॉप्टर मूळचा आहे का ते विचारा. व्होल्ट आणि पिनेची धन-ऋण बाजू कंपनीगणिक बदलते, चुकीचा लावला तर आतलं सर्किट जळू शकतं. दोन्ही खुणा कीबोर्डाच्या मागे किंवा तळाला छापलेल्या असतात, त्या अ‍ॅडॉप्टरवरच्या खुणांशी जुळवून मगच वीज लावायची. आणि बजेटमधले दीड-दोन हजार पेडल, यूएसबी केबल आणि स्टँडसाठी राखून ठेवा. मांडीवर ६१ पट्ट्या घेऊन नॉब फिरवता येत नाहीत.